मल्हार की महालक्ष्मी

बारावीच्या निकालानंतर जालना जिल्ह्यातील खाऊनपिऊन सुखी घरांतून जी दीर्घ आणि गोंगाटाची प्रक्रिया सुरू होते, तिला 'महाविद्यालयाची निवड' असे म्हणण्याचा प्रघात आहे; परंतु 'निवडणे' ही क्रिया मुळात धान्याची आहे, याचा विचार सहसा कोणी करत नाही. धान्य निवडणे म्हणजे सुपातील खडे बाजूला काढणे होय. महाविद्यालय निवडताना मात्र घरी येणारा प्रत्येक नातेवाईक सुपात आपल्याकडचा एकेक खडा टाकतो, चहा घेतो आणि निघून जातो, आणि आठवडाभराने त्या सुपात धान्य शोधण्याची वेळ येते. निवड जालना, छत्रपती संभाजीनगर किंवा फार तर पुणे या ओळखीच्या टापूत करायची असेल, तर खड्यांची संख्या मर्यादित राहते, कारण कोणाचा तरी भाचा तेथे शिकून आलेला असतो आणि त्याच्या सध्याच्या परिस्थितीवरून निष्कर्ष काढता येतो. तीच निवड मुंबईतील दोन कॅथलिक महाविद्यालयांत, म्हणजे धोबी तलावाजवळचे सेंट झेवियर्स आणि भुलाभाई देसाई मार्गावरील सोफिया यांच्यात, करण्याचा प्रसंग आला, की घरात कोणालाच काही ठाऊक नसल्यामुळे प्रत्येकाचे मत ठाम होते.

पुढील विवेचनात दोन संज्ञा वारंवार येतील, त्या आधीच स्पष्ट केलेल्या बऱ्या. 'प्रवेशार्थिनी' म्हणजे जिला प्रत्यक्ष तीन वर्षे शिकायचे आहे ती मुलगी. या प्रक्रियेत तिचे काम पाहुण्यांना पाणी आणून देणे आणि 'टक्के किती पडले' या प्रश्नाचे उत्तर एकाच दिवसात चौदा वेळा देणे इतकेच असते. 'निर्णयमंडळ' म्हणजे वडील, आजी, आत्या, मामा आणि फोनवरून सहभागी होणारे, मुंबईचे म्हणून ओळखले जाणारे, डोंबिवलीचे काका यांचा समुच्चय. आई या मंडळाची सदस्य असते की सचिव, याबाबत घराघरांत भिन्न परंपरा आढळतात. चहा मात्र सर्वत्र तिच्याच खात्यात येतो.

निर्णयमंडळाची विचारपद्धती समजून घ्यायची, तर जालन्याची प्रकृती ध्यानात घ्यावी लागते. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झालेल्या या प्रदेशाचे मुख्य गाव पिढ्यानपिढ्या व्यापाराचे असून 'जालना, सोने का पालना' ही म्हण अजूनही तेथे, विशेषतः व्याह्यांसमोर, वापरली जाते. येथे पोलादाच्या सळया तयार होतात, मोसंबीच्या बागा आहेत, आणि बियाण्यांच्या धंद्यात तर या गावाने इतके नाव काढले, की येथल्याच बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. अशा गावातील माणूस कोणतीही वस्तू बोटांनी चाचपल्याशिवाय घेत नाही. कापूस चिमटीत धरून धागा पाहायचा, मोसंबी तळहातावर तोलून रस ओळखायचा आणि बियाण्याची पिशवी उलटी करून तिच्यावर छापलेली उगवणक्षमता वाचायची, असा त्याचा शिरस्ता असतो. उगवणक्षमता म्हणजे पेरलेल्या शंभर दाण्यांपैकी किती उगवतील याची टक्केवारी. प्रस्तुत उदाहरणातील वडील बियाण्यांचे विक्रेते असल्यामुळे त्यांनी दोन्ही महाविद्यालयांविषयी पहिला प्रश्न "उगवण किती टक्के?" असाच विचारला, आणि तो कोणालाही चुकीचा वाटला नाही. अडचण एवढीच होती, की महाविद्यालय तळहातावर तोलता येत नाही.

तेव्हा माहितगार शोधणे क्रमप्राप्त झाले. ख्रिस्ती संस्थांविषयी ख्रिस्ती माणसाला विचारावे, हे मामांचे मत सर्वांना इतके तर्कशुद्ध वाटले, की त्याच संध्याकाळी मंडळ एका निवृत्त शिक्षकांच्या घरी जाऊन थडकले. आता जालन्याचा ख्रिस्ती धर्माशी संबंध जुना आहे, हे खरेच आहे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत उभारली होती आणि त्या परंपरेतील कुटुंबे या परिसरात आजही आहेत. परंतु हे सगळे प्रॉटेस्टंट, म्हणजे सोळाव्या शतकात रोमच्या पोपची सत्ता झुगारून वेगळ्या झालेल्या पंथांच्या वाटेने आलेले. आणि कॅथलिक म्हणजे तीच सत्ता मानणारे. एवढा भेद मंडळाला ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते.

"सर, तुम्ही ख्रिश्चन. म्हणजे दोन्ही कॉलेजं तुमचीच," असे मामांनी प्रस्तावनेतच सांगून टाकले.

"आम्ही चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. ती दोन्ही कॅथलिकांची. आमच्यापैकी म्हणाल, तर विल्सन," सर अत्यंत शांतपणे म्हणाले.

म्हणजे एखाद्या वारकऱ्याला गाठून भोकरदन तालुक्यातील जाळीच्या देवाला महानुभावांची पंगत किती वाजता बसते हे विचारावे, तसा हा प्रकार झाला होता. तथापि मंडळ त्यामुळे खचले नाही. उलट जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली सुरू केलेल्या शिक्षणकार्यातून उभे राहिलेले विल्सन हे तिसरे नाव हाती लागल्याने दोनांतून एक निवडण्याचे काम तिनांतून एक निवडण्याचे झाले आणि परतीच्या वाटेवर त्याच्या बाजूनेही दोन मते पडली. विल्सन पुढे कसे गळाले, याची नोंद नाही. बहुधा मंडळ त्याचे नाव विसरले असावे.

नावांचा प्रश्न त्याहून बिकट ठरला. मराठवाड्यात इंग्रजी माध्यमाच्या कोणत्याही शाळेला, मग ती पत्र्याच्या शेडमध्ये का भरेना आणि तिचे संचालक दर गुरुवारी दत्ताचा उपवास का करेनात, 'कॉन्व्हेंट' म्हणतात. वास्तविक कॉन्व्हेंट म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींचा मठ. त्यामुळे 'कॅथलिक कॉलेज म्हणजे मोठ्या मुलांचे कॉन्व्हेंट' ही आत्याची व्याख्या तेथल्या तेथे मान्य झाली. 'झेवियर्स' हे नाव आजीच्या कानांवर 'जेवियर' असे पडल्यामुळे तेथे जेवणाची सोय उत्तम असणार, अशी तिची खात्री पटली. 'सोफिया' हे नाव ऐकून मामांनी ते सुफी पंथाचे असल्याचा शोध लावला, कारण मराठवाड्यातील माणसाला दर्गा परका नसतो आणि सुफी हा शब्द त्याच्या कानांत आधीपासूनच असतो. सोफिया हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ प्रज्ञा असा होतो आणि ते महाविद्यालय १९४० साली 'सोसायटी ऑफ द सेक्रेड हार्ट' या संन्यासिनींच्या संघाने काढले, हे प्रवेशार्थिनीने दोनदा सांगितले. पण ती त्या वेळी हातात ट्रे घेऊन उभी असल्याने तिचे बोलणे इतिवृत्तात आले नाही.

झेवियर्सविषयी आत्याला वेगळीच शंका होती. "ते झेवियर सर अजून शिकवायला असतात का?" असे तिने विचारले. संत फ्रान्सिस झेवियर हे १५४० मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या येशूसंघाचे, म्हणजे ज्यांना जेझुइट म्हणतात त्या संन्यस्त धर्मगुरूंच्या संघटनेचे, आरंभीचे सदस्य. ते १५४२ मध्ये गोव्यात आले आणि १५५२ मध्ये वारले. महाविद्यालय निघाले १८६९ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर तब्बल ३१७ वर्षांनी. ही आकडेवारी ऐकल्यावर आत्या काही काळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "तेच म्हणते मी. मोठ्या नावाची माणसं कॉलेजात कधी हजरच नसतात."

दोन्ही संस्थांच्या नावांपुढे 'स्वायत्त' असा शब्द आढळल्याने वडील चिंताक्रांत झाले. स्वायत्त महाविद्यालय म्हणजे ज्याला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवण्याचा अधिकार मिळालेला आहे ते. झेवियर्सला हा दर्जा २०१० मध्ये मिळाला. वडिलांनी मात्र त्याचा अर्थ भाऊबंदकीच्या परिभाषेत लावला. "म्हणजे विद्यापीठानं वेगळं काढलं यांना," असे ते हळहळून म्हणाले, आणि वाटणीत काय काय मिळाले असेल यावर मंडळाची पुढील बैठक खर्ची पडली. त्याच बैठकीत संविधानाच्या कलम ३० चाही विषय निघाला. धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा अधिकार हे कलम देते आणि अशा संस्थांत त्या त्या समाजातील विद्यार्थ्यांसाठी काही जागा राखलेल्या असतात. मामांनी हे सर्व लक्षपूर्वक ऐकून घेतले. "मुंबईत मराठी माणूस अल्पसंख्याकच आहे म्हणतात. त्यात काही बसवता येईल का?" एवढेच त्यांनी विचारले.

यानंतरचा अधिकार डोंबिवलीच्या काकांचा होता. ज्याचा एकही नातेवाईक मुंबईत राहत नाही असे जालन्यातील कुटुंब विरळा, आणि असा नातेवाईक प्रत्यक्षात मुंबईत राहतो असे कुटुंब त्याहून विरळा. तो डोंबिवली, बदलापूर किंवा विरार येथे राहतो आणि जालन्यात आल्यावर मुंबईच्या वतीने बोलतो. काका ३० वर्षे फोर्टमधील कार्यालयात नोकरी करत होते. "झेवियर्स? अरे, रोज समोरून जायचो मी," या त्यांच्या उद्गाराने फोनच्या या टोकाला केवढे तरी समाधान पसरले. रोज समोरून जाणारा माणूस एकदाही आत गेला नव्हता, हा तपशील त्यांनी सांगितला नाही आणि मंडळाने विचारला नाही. त्यांनी दिलेला सल्ला मात्र ठोस होता : "या एकदा. स्वतः बघा. आणि येताना मोसंबी आणा."

त्यानुसार मंडळ सदेह मुंबईस निघाले. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना–मुंबई वंदे भारत एक्स्प्रेस सुरू झाल्यापासून चारशेहून अधिक किलोमीटरचे हे अंतर सुसह्य झाले असले, तरी ही गाडी वातानुकूलित आणि बसून जाण्याची असल्यामुळे पोत्यातून नेलेली मोसंबी कोठे ठेवावी, याची तरतूद तिच्या रचनेत दिसत नाही. पोते पायांखाली, पाय पिशवीवर आणि पिशवीत ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी व दशम्या, अशा अवस्थेत पाच जणांनी प्रवास केला. गाडीत जेवण मिळते हे समजल्यावर आजीने आधी त्याची चव घेतली, मग भाकर काढली.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून झेवियर्स पायी दहा-बारा मिनिटांवर आहे, आणि हा एकच मुद्दा वडिलांचे मत त्या बाजूला झुकवण्यास पुरेसा ठरला. गाडीतून उतरले की कॉलेज, रिक्षावाल्याशी घासाघीस नाही. परंतु महापालिका मार्गाने जाताना एका बाजूला आझाद मैदान आणि दुसऱ्या बाजूला कामा रुग्णालय व किल्ला कोर्ट लागते, तेव्हा आत्याची पावले मंदावली. "दवाखाना, कोर्ट अन् कॉलेज एकाच रांगेत! कशातून निघून कशात जावं लागतं कोणाला?" असा तिचा सवाल होता. आजोबांच्या पिढीपासून अनुशेषाच्या बातम्या वाचत आलेल्या वडिलांना मात्र सर्व सोयी एकाच रस्त्यावर असणे हे विकासाचे लक्षण वाटले.

आजीचे लक्ष तिसऱ्याच गोष्टीकडे होते. धोबी तलाव हे नाव ऐकल्यापासून ती तलाव शोधत होती. जालन्यात मोती तलाव आहे, तो दिसतो, उन्हाळ्यात आटला तरी निदान त्याची जागा दिसते. धोबी तलाव एकोणिसाव्या शतकातच बुजवला गेला आणि त्याचे केवळ नाव उरले, हे कळल्यावर तिने पुढील प्रश्न थेट महाविद्यालयाच्या फाटकावरील पहारेकऱ्याला विचारला. "बाबा, इथं नळाला किती दिसांनी पाणी येतं?"

"रोज येतं, आजी."

"रोज?" आजीने मागे वळून सर्वांकडे पाहिले. ज्या गावात पाण्याचा वार पाठ असावा लागतो, त्या गावातून आलेल्या माणसाला उच्च शिक्षणाविषयी यापेक्षा अधिक काही सांगण्याची गरज उरत नाही.

झेवियर्सची दगडी, टोकदार कमानींची जुनी इमारत पाहून मामांनी ती नक्कीच निजामाची असणार असे मत दिले, कारण मराठवाड्यात एवढे जुने आणि एवढे उंच जे काही असते ते निजामाचेच असते. ती जर्मन जेझुइटांच्या काळात उभी राहिली हे त्यांनी नाइलाजाने स्वीकारले. या महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम नावाचा संग्रह आहे. एथेलबर्ट ब्लॅटर हे स्विस जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि हर्बेरियम म्हणजे दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून, नावनिशीसह जपून ठेवलेल्या वनस्पतींचे भांडार. हे ऐकताच बियाणे-विक्रेत्या वडिलांचा चेहरा प्रथमच उजळला. आजीलाही ते पटकन समजले. "म्हणजे झाडापाल्याचं वाळवण," ती म्हणाली, आणि खरे तर या शास्त्राची याहून नेमकी व्याख्या मराठीत झालेली नसावी. याच महाविद्यालयातील हेन्री हेरास या स्पॅनिश जेझुइटांनी सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरील लिपी वाचण्याचा ध्यास घेतला होता, ही माहिती मात्र वाया गेली. दगडावरचे वाचण्यापेक्षा सातबारावरचे वाचणारा माणूस हवा, असे मामांचे म्हणणे पडले.

निर्णायक माहिती अखेरीस एका भित्तिपत्रकावरून मिळाली. झेवियर्सचा ऑगस्टमध्ये होणारा विद्यार्थ्यांचा उत्सव 'मल्हार' या नावाने ओळखला जातो. हे नाव पावसाच्या रागाचे आहे. पण आजीच्या दृष्टीने मल्हार एकच. तिने जागच्या जागी हात जोडले. "खंडोबाची जत्रा भरते होय इथं? मग काळजी नाही." 'यळकोट' हा शब्द तिच्या ओठांवर येऊन थांबला असावा, कारण शेजारून काही मुले गिटार घेऊन चालली होती.

येथपर्यंत झेवियर्सचा विजय निश्चित होता. परंतु काकांनी मरीन लाइन्सवरून सर्वांना लोकलमध्ये बसवले आणि ग्रँट रोडला उतरण्याऐवजी, आपल्याला जवळचा रस्ता माहीत आहे असे सांगून, महालक्ष्मीला उतरवले. महालक्ष्मी स्थानकाच्या पुलावरून सुप्रसिद्ध धोबीघाट दिसतो. शेकडो चादरी वाळत घातलेल्या पाहून मामा जागीच थबकले. "सकाळी धोबी, आता पुन्हा धोबी! अहो, आपण गोल फिरून तिथंच आलो." काका ते अमान्य करत राहिले, परंतु मोसंबीचे पोते खांद्यावर असलेल्या माणसाला भूगोल पटवून देणे अवघड असते. टॅक्सी करावी लागली. टॅक्सीवाल्याने 'ब्रीच कँडी' म्हणताच आत्याने तो चॉकलेटचा कारखाना समजून पुतणीकडे अर्थपूर्ण दृष्टीने पाहिले; वास्तविक या नावातील 'कँडी' हा आपल्या 'खिंड' शब्दाचाच अपभ्रंश असावा, असे काही अभ्यासक मानतात.

टॅक्सी वाटेत महालक्ष्मीच्या देवळापाशी थांबली, आणि तेथे सर्व हिशेब पुन्हा मांडावे लागले. परंपरा अशी सांगते, की अठराव्या शतकात वरळीची खाडी अडवणारी भिंत बांधताना ती वारंवार ढासळत होती. बांधकामावरील रामजी शिवजी यांना स्वप्नात दृष्टान्त झाला, समुद्रातून देवीच्या मूर्ती काढल्या गेल्या, मग भिंत टिकली आणि देऊळ उभे राहिले. आजीने ही कथा पुजाऱ्याच्या तोंडून पूर्ण ऐकली आणि ओटी भरता भरता म्हणाली, "इंजिनियरची भिंत देवीला विचारल्याबिगर टिकली न्हाई. आपला फॉर्म टिकंल व्हय?" सोफिया याच रस्त्यावर थोडे पुढे आहे, तेथे फक्त मुली शिकतात आणि आवारातच वसतिगृह आहे, हे तीन मुद्दे एकापाठोपाठ कळल्यावर आत्या आणि आजी एका बाजूला झाल्या. वडील स्थानक आणि वाळवण यांच्या बाजूला राहिले. मामा समुद्राची हवा लोखंडाला गंज आणते या मुद्द्यावर तटस्थ होते. एका पारड्यात मल्हार आणि दुसऱ्यात महालक्ष्मी, अशी बरोबरी घेऊन मंडळ डोंबिवलीला मुक्कामास गेले आणि तेथे मोसंबी सोलत रात्री एकपर्यंत चर्चा चालली. विषय कोणता शिकायचा, हा प्रश्न तिच्यात दोनदा आला. दोन्ही वेळा लोकल गेल्याच्या आवाजात तो ऐकू आला नाही.

प्रवेशार्थिनीने दोन्हीकडचे अर्ज केव्हाच भरले होते. जालन्यास परतल्यावर काही दिवसांनी तिचे नाव दोन्ही गुणवत्ता याद्यांत आले आणि शुल्क भरण्याची मुदत सुरू झाली. शेवटच्या दिवशी दुपारी मंडळाची बैठक पुन्हा भरली. बैठक ऐन रंगात असताना वडिलांच्या मोबाईलवर ओटीपी आला. ओटीपी म्हणजे बँकेचा व्यवहार पुरा करण्यासाठी येणारा आणि एकदाच वापरता येणारा सांकेतिक आकडा. आतल्या खोलीतून मुलीने तो विचारला. वडील त्या क्षणी वंदे भारत आणि देवगिरी एक्स्प्रेस यांच्या भाड्यातील फरक आत्याला समजावून सांगत होते. त्यांनी वाक्य न तोडता सहाही आकडे मोठ्याने वाचून दाखवले आणि पुढे बोलत राहिले. बैठक त्यानंतर दीड तास चालली. संध्याकाळी पावती छापून आली, ती झेवियर्सची होती.

कोणीही रागावले नाही. वडिलांना आपण पहिल्यापासून हेच म्हणत होतो असे आठवले, आत्याला आपला विरोध केवळ कोर्टापुरता होता असे स्मरले, आणि आजीने खंडोबाची इच्छा म्हणून तळी भरण्याचा दिवस ठरवला; देवीचा राग नको म्हणून महालक्ष्मीच्या नावानेही एक नारळ बाजूला ठेवण्यात आला. मामांनी मुलीला विचारले, की तिने झेवियर्स का घेतले. ती उत्तर देऊ लागली तेवढ्यात चहा आला.

आता वडील जालन्याच्या मोंढ्यात मुंबईच्या कॅथलिक महाविद्यालयांचे जाणकार म्हणून ओळखले जातात. एकाच्या फाटकावर चाळीस मिनिटे आणि दुसऱ्याच्या आवारात वीस मिनिटे, एवढ्या अनुभवावर त्यांच्याकडे भोकरदन, अंबड आणि परतूरहून पालक येतात. परवा मंठ्याचे एक व्यापारी मुलीचे गुणपत्रक घेऊन आले होते. वडिलांनी गुणपत्रक न पाहताच बाजूला ठेवले आणि विचारले, "तुमचं कुलदैवत कोणतं?"

"तुळजापूरची भवानी."

वडिलांनी बराच वेळ विचार केला. "मग एकदा डोंबिवलीला फोन करावा लागेल," ते म्हणाले.